बोटीच्या पोटातली थरथर

मार्च महिन्यातल्या एका रविवारची संध्याकाळ. आम्ही मांडव्याहून मुंबईला परत येत होतो. बोट माझ्या चुलतभावाची, म्हणजे दादाची. तीस फुटी, फायबरची, शिडाची. दादानं ती जुनीच विकत घेतली होती आणि जिवापाड जपली होती. बोटीवर दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं, सत्तरी ओलांडलेले काका आणि मी.

दुपारभर झकास वारा होता. सूर्य कलला आणि वारा पडला. फुगलेलं शीड ओल्या चादरीसारखं लोंबायला लागलं. नेमकी त्याच वेळी बोट मोठ्या जहाजांच्या मार्गाजवळ आली होती. कंटेनर वाहून नेणारं अजस्र जहाज छोट्या बोटीसाठी थांबू शकत नाही की पटकन वळू शकत नाही. बाजूला व्हायचं ते आपणच. दादानं इंजिन सुरू केलं.

इंजिन सुरू होताच पायाखालच्या फळ्या थरथरायला लागल्या. चहाचे कप एकमेकांवर वाजू लागले.

"ही थरथर नेहमीची आहे का रे?" काकांनी विचारलं.

"हो, जुनी बोट आहे ना, थोडं चालायचंच," दादा म्हणाला.

थोड्या वेळानं धाकटी आतून ओरडली, "बाबा, खाली नळ चालू राहिलाय का?"

दादानं फळी उचलली. खाली घोटाभर पाणी होतं. इंजिनाच्या मागे जिथून पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो, तिथून पाण्याची बारीक धार लागली होती. दादानं पाना घेऊन तिथला नट आवळला. धार कमी झाली. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. पण दहा मिनिटांनी त्या जागेला हात लावला तर चटका बसला. मग वेग कमी केला, वहिनी आणि मी बादलीनं पाणी उपसत राहिलो आणि अंधार पडता पडता बोट तिच्या जागी नेऊन बांधली.

कुणाला काही झालं नाही. पण त्या रात्री घरी कुणी फारसं बोललं नाही. थरथर गेल्या हंगामापासून होती. पाणी थोडं थोडं येतच होतं. प्रत्येक वेळी दादा नट आणखी एक आटा आवळायचा आणि विषय संपायचा. दुखणं तिथंच होतं.

शिडाच्या बोटीला पंखा कशाला?

अनेकांना वाटतं, शीड आहे तर इंजिन कशाला? पण बंदरात शिरताना, अरुंद खाडीत वळताना, वारा पडल्यावर किंवा कुणी पाण्यात पडलं तर तातडीनं मागे फिरताना इंजिनच कामाला येतं. म्हणून बहुतेक शिडाच्या बोटींच्या पोटात एक छोटं डिझेल इंजिन असतं.

त्याची रचना समजायला सोपी आहे. इंजिन, त्याला जोडलेला गिअरबॉक्स, त्यापुढे कपलिंग म्हणजे दोन चकत्या बोल्टनं जोडलेला सांधा आणि त्यातून निघालेला स्टेनलेस स्टीलचा लांब दांडा. हा शाफ्ट. तो बोटीच्या तळातल्या नळीतून बाहेर पाण्यात जातो आणि त्याच्या टोकाला पंखा बसतो. आपल्या किनाऱ्यावर प्रोपेलरला सगळे पंखाच म्हणतात.

आता गंमत पाहा. शाफ्ट फिरत राहिला पाहिजे, म्हणजे तो घट्ट चिकटून चालणार नाही. पण त्याच्या भोवतीच्या फटीतून समुद्र आत येता कामा नये, म्हणजे तो सैल असूनही चालणार नाही. ही कसरत दोन वस्तू करतात.

पहिली वस्तू बाहेर, पाण्याखाली असते. ते बेअरिंग, म्हणजे मिस्त्री लोकांच्या भाषेत बुश. पितळी नळी आणि तिच्या आत खाचा असलेलं रबर. शाफ्ट या रबरात फिरतो. याला तेल लागत नाही, ग्रीस लागत नाही. खाचांतून वाहणारं समुद्राचं पाणीच वंगणाचं काम करतं आणि वाळूचे कणही त्याच वाटेनं बाहेर निघून जातात.

दुसरी वस्तू आत असते. ती ग्लँड. गावाकडे विहिरीवरचा जुना पंप ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ग्लँडची दोरी माहीत असेल. तेच तत्त्व इथं. मेण किंवा चरबी मुरवलेल्या चौकोनी दोरीची तीन-चार कडी शाफ्टभोवती बसवतात आणि नट आवळून ती दाबतात. दोरी पाण्याला अडवते, पण पूर्ण नाही. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडायलाच हवेत. ते पाणी दोरीला थंड ठेवतं. इंजिन बंद केलं की थेंबही थांबायला हवेत.

मिनिटाला तीन थेंब म्हणजे तासाभर इंजिन चालवलं तर जेमतेम दोन चमचे पाणी. त्याची काळजी नको. काळजी धारेची करायची.

बागेतल्या नळीनं लावलेला शोध

या साध्या दिसणाऱ्या भागांना जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांनी १८३७ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात लाकडी स्क्रूवर चालणारी बोट फिरवून पाहिली. चाचणीत स्क्रूचा अर्धा भाग तुटला आणि सगळ्यांना आश्चर्य वाटलं, कारण बोट आणखी वेगानं पळायला लागली! त्या अपघातातून आखूड पंखा बरा, हा धडा मिळाला.

पण पंख्याचा शाफ्ट पितळेच्या बेअरिंगमध्ये फिरला की भराभर झिजायचा. यावर जॉन पेन या इंजिनिअरनं १८५४ मध्ये लाकडी बेअरिंगचं पेटंट घेतलं. लिग्नम व्हिटे नावाचं हे लाकूड इतकं जड असतं की पाण्यात बुडतं आणि त्यातला नैसर्गिक डिंक स्वतःच वंगणाचं काम करतो. पुढे अनेक दशकं जगभरातली जहाजं याच लाकडावर फिरली.

रबराची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका खाणीत चार्ल्स शेरवूड हा इंजिनिअर पंपाच्या बेअरिंगला वैतागला होता. गाळमिश्रित पाण्यामुळे बेअरिंग टिकतच नव्हतं. हाताशी दुसरं काही नसल्यानं त्यानं रबरी नळीचा तुकडा कापून तिथं बसवला. तो तुकडा धातूच्या बेअरिंगपेक्षा जास्त टिकला. वाळूचा कण धातूत रुततो आणि शाफ्टला ओरखडतो. मऊ रबर मात्र कणाला दबून वाट देतं. आज शिडाच्या बोटींपासून आपल्या मासेमारीच्या ट्रॉलरपर्यंत सर्वत्र याच तत्त्वावरचे बुश बसतात.

आणि हे भाग बिघडले तर काय होतं? १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्याजवळ 'प्रिन्स ऑफ वेल्स' या ब्रिटिश युद्धनौकेवर जपानी विमानांनी टॉर्पेडो सोडले. त्यातला एक मागच्या बाजूला, पंख्याच्या शाफ्टजवळ लागला. वाकडा झालेला शाफ्ट फिरत राहिल्यानं त्याच्या वाटेवरचे पाणी अडवणारे भाग फाटले आणि त्याच वाटेनं पाणी जहाजात घुसलं. पुढे आणखी टॉर्पेडो लागून ती बलाढ्य नौका बुडाली.

छोट्या बोटीचं गणितही भीतिदायक आहे. पाण्याखाली अर्ध्या मीटरवर पंचवीस मिलिमीटरचं भोक पडलं, तर मिनिटाला सुमारे पंचावन्न लिटर पाणी आत येतं. म्हणजे ऑफिसात येणारे वीस लिटरचे जवळजवळ तीन जार, दर मिनिटाला. बादलीनं किती वेळ उपसणार?

मिस्त्रींनी पंखा हलवला

पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात छोट्या बोटी उघड्यावर नांगरून ठेवणं धोक्याचं. त्यामुळे मे महिन्यात त्या पाण्याबाहेर निघतात. कोकणातही १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांची डागडुजी चालते. जाणत्या मिस्त्रींसाठी हा ऐन हंगाम. आम्हाला भेटले ते मिस्त्री रत्नागिरीकडचे. हयात ट्रॉलरच्या इंजिनांत गेलेली.

दादानं त्यांना सांगितलं, "मिस्त्री, फक्त ग्लँडची दोरी बदलून द्या. तेवढ्यात काम होईल."

मिस्त्री काही बोलले नाहीत. बोटीखाली गेले, पंखा दोन्ही हातांनी धरला आणि वर-खाली हलवला. खडक खडक आवाज आला.

"साहेब, हा आवाज ऐकलात? दोरीचा दोष नाही. बुश गेलाय. शाफ्ट आत नाचतोय, म्हणून दोरी मार खातेय. दोरी बदलाल, दोन महिन्यांत परत याल."

पंचवीस मिलिमीटरच्या शाफ्टला साधारण दीड मिलिमीटर खेळ दिसला तर बुश बदलायची वेळ आली, असा ढोबळ नियम आहे. आमचा खेळ त्याहून बराच जास्त होता.

मग काम सुरू झालं. आधी पंखा. त्याच्या नटातली पिन काढली, नट सैल केला, पण पूर्ण काढला नाही. पुलर लावून पंखा ओढला तेव्हा तो ठाणकन सुटला आणि सैल नटावर अडकून राहिला. नट काढून टाकला असता तर पंखा थेट मिस्त्रींच्या पायावर पडला असता. "पंख्यावर हातोडा कधी मारायचा नाही," ते दादाच्या मुलाला सांगत होते. "पातं वाकलं की तोल गेला. तोल गेला की परत थरथर."

कपलिंगनं मात्र रडवलं. गंजून शाफ्टला असं धरलं होतं की सोडेना. मिस्त्रींनी दोन चकत्यांच्या मध्ये, बरोबर शाफ्टच्या टोकावर, पान्याचं एक छोटं सॉकेट ठेवलं आणि लांब बोल्टनं चकत्या जवळ आणायला सुरुवात केली. दर वेळी थोडं थोडं, सगळे बोल्ट सारखे. सॉकेटनं शाफ्टला मागे ढकललं आणि अर्ध्या तासानं कपलिंग सुटलं. सुकाणू पूर्ण एका बाजूला वळवल्यावर शाफ्ट जेमतेम त्याच्या बाजूनं बाहेर निघाला.

शाफ्ट फडक्यानं पुसला आणि दादाचा चेहरा उतरला. ग्लँडची दोरी जिथं बसते, तिथं शाफ्टवर नखाला लागेल अशी खोल चर पडली होती.

"ही चर कशानं पडली?" दादानं विचारलं.

"आवळून आवळून," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "दोरी कोरडी पडली, तापली, दगडासारखी झाली. मग तिनंच शाफ्ट खाल्ला. आता नवी दोरी कितीही चांगली घाला, चरीतून पाणी येणारच."

म्हणजे ज्याला आपण दुरुस्ती समजत होतो, त्यानंच नुकसान वाढत होतं. शिवाय नळीच्या आतल्या भागात शाफ्टवर बारीक खड्डेही होते. स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही, असं आपण मानतो. खरं तर त्याला चकचकीत ठेवणारा थर टिकायला पाण्यातला प्राणवायू लागतो. बोट महिनोन्‌महिने उभी राहिली की नळीत पाणी साचून राहतं, त्यातला प्राणवायू संपतो आणि स्टीलला खड्डे पडतात. म्हणजे न वापरलेली बोटही झिजते!

फ्रीजरमध्ये बांगडे आणि बुश

नवा शाफ्ट लेथवर घडवून घेतला. जुना पंखा त्याच्या निमुळत्या टोकावर नीट बसतो का, हे निळा रंग लावून तपासलं. रंग सगळीकडे सारखा उमटला म्हणजे बैठक बरोबर.

जुना बुश काढणं हे धीराचं काम. त्याला धरून ठेवणारे बारीक स्क्रू आधी काढले. मग मिस्त्रींनी हॅकसॉचं पातं आतून घालून बुशाची पितळी भिंत लांबीत कापली. मिलिमीटर मिलिमीटर, मध्ये थांबून बोटानं चाचपत. कारण पातं जास्त खोल गेलं तर बाहेरचा ब्रॅकेट कापला जाईल, आणि तो खर्च सगळ्यांत मोठा. काप पूर्ण झाल्यावर बुश आत दुमडून काढला.

नवा बुश घट्ट बसतो. धातू थंड केला की किंचित आक्रसतो, म्हणून मिस्त्रींनी तो आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितला. वहिनीनं बांगड्यांच्या डब्याशेजारी त्याला जागा करून दिली. "एवढ्या वर्षांत या बोटीनं घरातली प्रत्येक जागा घेतली. फ्रीजर तेवढा उरला होता," असं म्हणालीही. सकाळी बर्फाच्या डब्यातून तो यार्डात आणला. लांब आट्याचा रॉड आणि दोन जाड वॉशर लावून तो हळूहळू ओढून बसवला. चोपडेपणासाठी भांडी घासायचं साबणाचं पाणी वापरलं. ग्रीस नाही, कारण खनिज तेलाचं ग्रीस रबराला खराब करू शकतं.

ग्लँडमधली जुनी दोरी स्क्रूसारख्या हुकानं उकरून काढली. तळाशी एक कडं राहिलं तरी नवी दोरी नीट बसत नाही. नव्या दोरीची तीन कडी तिरकी कापली आणि त्यांचे जोड एकाखाली एक येणार नाहीत असे बसवले, घड्याळातल्या बारा, चार आणि आठच्या जागी. ग्लँडला नळीशी जोडणारी रबरी होज आणि तिच्या क्लिपाही बदलल्या. प्रत्येक टोकाला दोन. ही होज फाटली तर थेट समुद्र आत येतो.

शेवटी शाफ्टवर जस्ताचा नवा तुकडा लावला. खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र आले की त्यांतला एक झिजतो. जस्त स्वतः झिजतं आणि पंख्याला वाचवतं. अर्धं झिजलं की ते बदलायचं. पंख्याचा रंग पिवळ्याऐवजी गुलाबी दिसू लागला, तर समजा पितळेतलं जस्त निघून चाललंय आणि पंखा ठिसूळ होतोय.

खरं मूळ निघालं दुसरीकडेच

मिस्त्रींनी जुना बुश हातात धरून आम्हाला दाखवला. रबर एकाच बाजूनं जास्त झिजलं होतं.

"बुश म्हातारा होऊन गेला असता तर चारी बाजूंनी सारखा झिजला असता. हा तिरका झिजलाय. म्हणजे शाफ्ट सरळ रेषेत नाही. इंजिनाखाली बघू या."

इंजिन ज्या चार रबरी माउंटांवर बसतं, त्यांतले दोन डिझेल आणि तेल पिऊन मऊ झाले होते. इंजिन एका बाजूला दबलं होतं. म्हणजे थरथरीचं मूळ तिथं होतं. माउंट दबले, शाफ्ट तिरका झाला, बुश झिजला, शाफ्ट नाचू लागला, दोरी सैल झाली, पाणी आलं, नट आवळला, शाफ्टला चर पडली. नुसता बुश बदलला असता, तर दोन-तीन हंगामांत पुन्हा तेच झालं असतं.

चारही माउंट बदलले. कपलिंग जोडायची घाई मात्र मिस्त्रींनी करू दिली नाही. जमिनीवर टेकू देऊन उभी असलेली बोट आणि पाण्यात तरंगणारी बोट, दोघींचा आकार किंचित वेगळा असतो. म्हणून पावसाळा संपल्यावर बोट पाण्यात उतरवली, दोन दिवस तशीच ठेवली आणि मग फीलर गेजनं दोन चकत्यांमधली फट चारी बाजूंनी मोजली. चार इंची कपलिंगला या फटीतला फरक एक दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे साधारण कागदाच्या जाडीइतका. तो साधायला अख्खी दुपार गेली. घाम पुसत मिस्त्री म्हणाले, "हीच खरी दुरुस्ती. बाकी सगळं सामान."

तुमच्या बोटीसाठी, किंवा नातेवाइकाच्या

तुमची स्वतःची बोट असेल, मासेमारीची होडी असेल किंवा सुट्टीत कुणाच्या बोटीवर जाणार असाल, तर या गोष्टी लक्षात ठेवा.

• थरथर नवी आहे की जुनी, ते विचारा. नव्या थरथरीला कारण असतं. कधी पंख्यात अडकलेलं जाळं किंवा दोरी, कधी वाकलेलं पातं, कधी झिजलेला बुश.

• इंजिन चालू असताना ग्लँडचे थेंब मोजा. मोजताना केस, ओढणी, सैल बाही फिरत्या शाफ्टपासून लांब ठेवा.

• ग्लँड कोमट लागली तर ठीक. हात ठेववत नसेल तर ती जास्त आवळली आहे.

• नट आवळायचाच असेल तर पाव आट्यापेक्षाही कमी, आणि मग थांबून थेंब पुन्हा मोजा. दर महिन्याला आवळावा लागत असेल तर दोष नटात नाही.

• बोट बाहेर निघाली की पंखा हलवून बघा, जस्त बघा, होज आणि क्लिपा बघा. या तपासणीला दहा मिनिटं लागतात.

• नवा बुश घेण्याआधी शाफ्टची जाडी आणि ब्रॅकेटचं आतलं माप कॅलिपरनं घ्या. अंदाजानं आणलेला भाग परत करावा लागतो.

• थेंब न पडणारं आधुनिक सील बसवलं असेल, तर बोट पाण्यात उतरवल्यावर त्यातली हवा काढायची की नाही, हे बनवणाऱ्याच्या सूचनांत वाचा. अनेक सीलना ते लागतं. कोरडं फिरलं तर सील जळतं.

• तळातलं पाणी उपसणारा पंप चालतो की नाही, हे प्रत्येक फेरीआधी तपासा. तो सारखा सारखा चालू होत असेल, तर त्याचं कौतुक नको, कारण शोधा.

पुन्हा एकदा मांडवा

नोव्हेंबरात आम्ही तेच सगळे, त्याच वाटेनं निघालो. परतताना वारा पुन्हा पडला. दादानं इंजिन सुरू केलं. कप जागेवरून हलले नाहीत.

काकांनी फळी उचलायला सांगितली. धाकटीनं टॉर्च धरला आणि काकांनी घड्याळ.

"एक," ती म्हणाली. बराच वेळ गेला. "दोन." मिनिट संपत आलं तेव्हा तिसरा थेंब पडला.

"तीन! आजोबा, बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," काका म्हणाले आणि दादाकडे पाहिलं. दादानं पान्यांची पेटी बंद करून फळीखाली सरकवली. डाव्या हाताला एक मोठं जहाज दिवे लावून सावकाश येत होतं. आम्ही वेळेत त्याच्या वाटेतून बाजूला झालो.